चेलोची कोरी ओळ

वाद्यवृंदातली माणसं आपल्या संचालकाला पाठीमागे मांत्रिक म्हणत. जिवंत संगीतकार त्याच्या दारात ताटकळत राहत आणि हा मेलेल्यांच्या, विसरलेल्यांच्या रचना माळ्यांवरून, तळघरांतून उकरून आणी. धूळ झटकी, फाटलेलं सांधी, वाजवून घेई. ‘‘यंदा कोणाला उठवलंत?’’ असं कोणी विचारलं की तो खुशीत हसे.

यंदा उठवायचं होतं ते शाळेतल्या एका संगीतशिक्षकाचं एकुलतं एक मोठं काम. एकदा वाजलेलं, मग कायमचं निपचित पडलेलं. तीन भागांपैकी पहिला नि तिसरा धडधाकट होते. मधला मात्र विचित्र. व्हायोलिनं हलकेच डोलत राहतात, बासऱ्या अधूनमधून हुंकार भरतात, सगळे जणू कोणाला तरी साथ करतायत. आणि ज्याला साथ करायची तो चेलो, गुडघ्यांत धरून वाजवायचं ते खर्जातलं वाद्य, गप्प. त्याच्या ओळीवर एकही सूर नाही. पाळणा हलतोय आणि पाळण्यात बाळ नाही, तसं.

साथ आहे म्हणजे गाणं असणारच. तेव्हा ते हरवलं असणार, असं त्याने धरलं. पावलांवरून जनावराचा माग काढावा तसा साथीच्या सुरांवरून माग काढत, हिवाळाभर बसून त्याने चेलोचं गाणं लिहिलं. ते इतकं सुरेख उतरलं की पहिल्याच तालमीत चेलोवाल्याने डोळे पुसले आणि वर ‘‘सर्दी झालीय’’ म्हणून सांगितलं.

शिक्षकाची म्हातारी मुलगी हयात होती. तिने आनंदाने परवानगी दिली होती. ‘‘मला तो मधला भाग ऐकायचाय हो,’’ एवढंच म्हणाली होती. शेवटच्या तालमीला ती आली, रिकाम्या सभागृहात पुढेच बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मधला भाग सुरू झाला. चेलो गायला लागला. गाणं अर्ध्यावर आलं, तशी ती उठून उभी राहिली.

‘‘थांबवा ते.’’

संचालकाची काठी हवेतच राहिली.

‘‘बाबांना उठवलंत, बरं केलंत,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘पण माझ्या आईला कशाला बोलायला लावलंत?’’

तो मंचावरून खाली आला. ‘‘मावशी, ही ओळ हरवली होती, म्हणून मी...’’

‘‘हरवली नव्हती. कोरीच होती. चेलो आई वाजवायची. बाबा हा भाग तिच्यासाठी लिहीत होते आणि मधेच ती गेली. मग तिची ओळ त्यांनी कोरी ठेवली. हे वाजलं त्या दिवशी चेलोवाला नुसता बसून होता, गज मांडीवर ठेवून. मी एवढीशी, काकूला चिकटून बसलेली. आणि त्या गप्प जागेत मला आई ऐकू आली, मास्तर. फोटो आहेत तिचे. आवाज तेवढाच. एकदा परत ऐकावा, म्हणून तर हो म्हटलं तुम्हाला.’’

तो परत मंचावर चढला. जन्मभर दुसऱ्यांचे सूर राखले. स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच उतरलं होतं. मग त्याने चेलोवाल्यापुढचा कागद उचलला आणि फाडला.

‘‘म्हणजे मी नुसतं बसायचं?’’ चेलोवाला म्हणाला. ‘‘बायकोला सांगू नका हां. म्हणेल, घरीही हेच करता.’’

कोणी फारसं हसलं नाही.

मैफलीला सभागृह भरलं. मधल्या भागात चेलोवाल्याने गज मांडीवर ठेवला. व्हायोलिनं डोलू लागली. मांत्रिकाने सवयीने त्या मुक्या वाद्याकडे इशारा केला, आणि त्याला गाणं ऐकू आलं. आपलंच. पहिल्या सुरापासून, स्वच्छ. त्याने दचकून पाहिलं. गज खालीच होता. पण चेलोवाल्याची डावी बोटं तारांवर आपसूक सरकत होती. व्हायोलिनवालीचे ओठ हलत होते. कोरी ओळ कोरी नव्हती. फाडलेलं गाणं सगळ्यांच्या अंगात जाऊन बसलं होतं.

टाळ्या थांबल्यावर म्हातारी मंचामागच्या खोलीत आली. तिला खुर्ची देऊन त्याने घाबरतच विचारलं, ‘‘मावशी, ऐकू आली?’’

‘‘तुम्ही शब्द पाळलात. एक सूर नव्हता.’’ ती हातांकडे बघत राहिली. ‘‘मी डोळे मिटले. म्हटलं, ये गं. आणि आलं ते तुमचंच.’’

‘‘एकदाच तर ऐकलंत. विसराल हळूहळू.’’

‘‘ते विसरेन हो. पण आईचं कुठलं, ते मला आता ओळखू येईल का?’’

बाहेर कोणीतरी वाद्य पेटीत ठेवता ठेवता तेच गाणं गुणगुणत होतं. तो दाराशी धावला. ‘‘गप्प बसा!’’

गुणगुणणं तुटलं. तो मागे वळला, तर म्हातारीच्या ओठांवर पुढची ओळ चालू होती.