रायनाच्या पोटातला खडा

माणसाच्या शरीरात सगळ्यांत प्रामाणिक अवयव कोणता असेल तर तो पित्ताशय, असं डॉक्टर पेन्चेव यांचं ठाम मत होतं. मूत्रपिंडाचे पेशंट जास्त आले, की त्या दिवशी ते हेच मूत्रपिंडाबद्दल म्हणत.

रायनाला अवयवांच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त एक खडा हवा होता. लहानसा चालला असता, पण कापून काढावा लागेल इतपत.

डॅन्यूब नदीकाठच्या त्या गावात पित्ताच्या खड्यांना मान होता, आणि तो शेजारच्या डोचकाने मिळवून दिला होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिचं पोट बरगडीपासून बेंबीपर्यंत उघडलं, तेव्हा तिचे दोन्ही मुलगे स्पेनहून धावत आले. चांगले तीन आठवडे राहिले. आईला चमच्याने सूप भरवलं, तिला धरून अंगणात फिरवलं, वर गळकं छप्परही दुरुस्त करून दिलं. डोचकाचे खडे अजून जॅमच्या बरणीत, लग्नाच्या फोटोशेजारी होते. पाहुणा आला की आधी रकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला आणि मग बरणी.

रायनाची मुलगी इस्क्रा जर्मनीत, ब्रेमेनला, म्हाताऱ्यांच्या सेवाश्रमात नर्स होती. परक्या आया उचलून ती त्यांना आंघोळ घालायची. दोन नाताळ झाले, ती घरी आली नव्हती. रविवारी फोनवर दिसायची. नेट इतकं खराब, की राखाडी दाण्यांमधून आधी कपाळ ओळखू यायचं, मग हनुवटी, आणि हसू आलं की चित्र गोठायचं. रायना मग त्या गोठलेल्या हसण्याशीच थोडा वेळ बोलत राही.

"आई, इथे रजेला कारण लागतं गं," इस्क्रा म्हणाली होती. "आठवण येते म्हणून रजा देत नाहीत. पण उद्या तुझं काही ऑपरेशन निघालं, तुझ्यापाशी माणूस लागलं, तर मी त्याच दिवशी निघते."

त्यानंतर महिन्याभरात, ईस्टरचं कोकरू खाऊन रायनाच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की ती स्वयंपाकघरात खालीच बसली. कळ पाठीतून खांद्याला गेली.

"खांद्याला गेली?" डोचकाने डोळे बारीक केले. "मग खडाच. माझी अश्शीच जायची."

रायनाने त्या दुखण्यातही इस्क्राच्या पलंगावरच्या नव्या चादरींचा विचार करून घेतला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ नव्हती, रिपोर्ट चांगला होता. रायनाचं तोंड उतरलं.

"रक्तावरून खडा कळत नाही, काकू," डॉक्टर म्हणाले. "सोनोग्राफी करू. रात्रीपासून पोटात काही नको. येताना दोन अंड्यांचे बलक आणि आंबट साय बरणीतून आणा. आधी उपाशीपोटी बघायचं, मग ते प्यायचं आणि पित्ताशय आवळतं का ते पुन्हा बघायचं."

ते तिला काकू म्हणत, कारण शाळेच्या भोजनगृहात रायना आचारीण होती आणि पेन्चेव त्या वेळी मसुराचं सूप टाकून पळणारा मुलगा होता.

आता डॉक्टरकडे काय रिकाम्या हाताने जायचं? रायना पहाटे उठली आणि तिने पापुद्र्यांची, आत पांढरं चीज घातलेली बनित्सा भाजली. चीज खाऱ्या पाण्यातलं, दर वेळी त्याची चव वेगळी. म्हणून चाखलं. मग सारण चाखलं. कडेचा तुकडा भाजला गेलाय का, तेही पाहिलं.

डॉक्टरांनी पोटाला थंडगार जेल फासलं, यंत्राचा दांडा फिरवला आणि भुवया उंचावल्या.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"काकू, पित्ताशय मनुक्यासारखं आक्रसलंय."

"खाल्लं नाही हो, चाखलं!" रायना दुखावली. "उभा जन्म स्वयंपाकात गेला. चाखणं म्हणजे का खाणं?"

"हे तुम्हाला ठाऊक. पित्ताशयाला सांगायचं राहिलं." डॉक्टरांनी यंत्राचा पडदा बंद केला. "आज काही दिसायचं नाही. पुढच्या आठवड्यात या. ती बनित्सा मात्र ठेवून जा."

तो आठवडा रायनाने कसातरी काढला. इस्क्राची खोली हवेशीर केली, गादी उन्हात टाकली. डोचका कुंपणावरून म्हणाली, "खडा निघायच्या आधीच बारसं करतेस की काय!"

दुसऱ्या खेपेला तिने दुकानातून चॉकलेटचा डबा घेतला. तो बंद होता, चाखून बघायची गरज नव्हती.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

पडद्यावर राखाडी दाणे हलत होते. अशा दाण्यांतून ओळखीचं माणूस शोधायची रायनाला रविवारांनी सवय लावली होती. काळ्या पिशवीत तिला एक पांढरा ठिपका दिसला, आणि त्याच्यामागे लांब काळी सावली.

"तो बघा!" ती डॉक्टरांच्या आधी ओरडली.

"श्वास, काकू, श्वास! आता डाव्या कुशीवर वळा. खडा असला तर घरंगळेल. मांसाचा कोंब असला तर जागचा हलणार नाही."

रायना वळली. मनातल्या मनात म्हणाली, चल, बाळा. ठिपका एक क्षण थांबला, आणि मग निवांतपणे घरंगळला.

बलक आणि साय घटाघटा पिऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने फोन लावला.

"सापडला!"

"आई, रडतेयस?"

"छे! चेरीच्या बीएवढा आहे म्हणे."

"ऐक, ऑपरेशन ठरलं की सोबतीला माणूस लागेल असं डॉक्टरांकडून लिहून घे. तेवढा कागद पाठव, बाकी मी बघते. मिरच्या भाजशील ना गं? लाल, लसणाच्या?"

"तू ये तर," रायना म्हणाली.

पुन्हा तपासलं. पित्ताशय जेमतेम आवळलं होतं. "काढून टाकलेलं बरं," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं!"

"त्यात बरं काय, काकू?"

"मला किती दिवस पडून राहावं लागेल? तीन आठवडे तरी? तेवढं लिहून द्या, डॉक्टर. सोबतीला मुलगी लागेल म्हणून. ब्रेमेनला पाठवायचंय."

डॉक्टरांनी दांड्यावरचं जेल पुसलं. ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

"तो डोचकाकाकूंचा काळ गेला," ते म्हणाले. "आता दुर्बिणीतून काढतात. सकाळी दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी जेवायला घरी. सोबतीला कुणी लागत नाही."