बल्ब विझेपर्यंत

सून सकाळी चिमणी बघायला गेली आणि तिच्या माघारी सासऱ्यांनी तिच्यावर उपकार करायला घेतले.

उपकार साधाच होता. तिच्या ड्रोनच्या चार बॅटऱ्या पार रिकाम्या करायच्या आणि मग नव्याने भरायच्या. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या काळी लाइनमनच्या हातातल्या सेटांना बॅटऱ्या असत. त्या अर्ध्यावरच चार्ज केल्या की आळशी व्हायच्या, अर्धंच काम करायचं त्यांच्या अंगवळणी पडायचं. मग त्यांना एकदा तळापर्यंत पिळून काढावं लागे. सासऱ्यांनी अशा शेकडो बॅटऱ्या वठणीवर आणल्या होत्या, आणि सुनेला मात्र रोज बघत होते. ड्रोन उतरवते काय, बॅटरी अजून निम्मी असतानाच चार्जरला लावते काय! बोलले नव्हते. पण उद्या तिचं स्वतःचं असं पहिलं काम होतं.

सहा महिन्यांपूर्वी ड्रोनच्या कामासाठी तिने शाळेतली पक्की नोकरी सोडली, तेव्हा घरात तिच्या बाजूने बोलणारे हे एकटेच. उद्या बंद पडलेल्या विटांच्या कारखान्याची चिमणी ड्रोनच्या कॅमेऱ्याने चारही बाजूंनी टिपायची होती. भेगा किती आहेत ते बघून मालक ठरवणार होता, चिमणी पाडायची की राखायची. नीट जमलं तर त्याच्या बाकीच्या इमारतीही सुनेलाच मिळणार होत्या. नाही जमलं तर त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचा नंबर तयारच होता. चार बाजू, चार बॅटऱ्या, असा तिचा हिशोब.

सासऱ्यांनी गाडीच्या पुढच्या दिव्याचा एक जुना बल्ब काढला, त्याला वायरी जोडल्या आणि पहिली बॅटरी लावली. बल्ब डोळे दिपवत पेटला. मग पिवळा झाला. मग आत नुसता लाल दोरा उरला, आणि तोही विझला.

"झाली बाई मोकळी," सासरे म्हणाले.

सासूबाई त्याच खोलीत शिलाई मशीनवर होत्या. "अहो, तिला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय?"

"माझी कात्री न विचारता धार लावायला नेली होतीत, तेव्हा हेच म्हणाला होतात. अजून दात खाते ती कापडावर."

सासऱ्यांना त्या वेळी ऐकू आलं नाही. दुसरी मोकळी झाली, तिसरी झाली. चौथीच्या वेळी मात्र काही मिनिटांतच बल्बने फट् केलं आणि तो काळा पडला. दुसरा बल्ब नव्हता. "राहू दे," म्हणून त्यांनी पहिली बॅटरी चार्जरला लावली.

चार्जर चार वेळा ओरडला. लाल दिवा लागला. त्याच्या पडद्यावर आलं, व्होल्टेज फार कमी.

"अरे, कमी आहे म्हणूनच तर तुझ्याकडे आणलीय!"

दुसरी लावली, ओरडला. तिसरी लावली, ओरडला. मग सासऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि मीटर काढला. भरलेली असताना साडेबारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी पाच दाखवत होती. त्यांनी सासूबाईंच्या बेतायच्या कागदाचा एक कोपरा फाडला आणि पाच लिहिलं. दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर साडेपाच! कुणी काही भरलेलं नसताना! आणखी दहा मिनिटांनी पाच पूर्णांक आठ. सासरे स्टूल ओढून बसले. गेलेला माणूस डोळे उघडायला लागावा तसं काहीतरी समोर चाललं होतं आणि त्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं. कारण माहीत नसलं की त्यांना जेवण जात नसे.

"उठा आता तिथून," सासूबाई म्हणाल्या, "ती यायच्या आत आवरा ते."

आवरायला गेले तर दुसरी बॅटरी पेटीतल्या तिच्या खाचेत बसेना. सकाळी त्यांनी स्वतः ती अलगद काढली होती. उलटी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. सासूबाईंनी गळ्यातली टेप काढून बॅटरीभोवती गुंडाळली, मग चौथीभोवती.

"हिची कंबर वाढलीय हो. सकाळपासून आतापर्यंत! जरा दाबून बसवू का?"

"हात लावू नकोस!" सासरे एवढ्या मोठ्याने ओरडले की मशीनवरचं रीळ खाली पडलं.

पोट सुटलेली बॅटरी हातात घेऊन ते उभे राहिले. एक युक्ती त्यांना ठाऊक होती. चार्जरच्या यादीत जुन्या जातीच्या बॅटऱ्याही होत्या. आपण खुशाल सांगायचं की ही त्या जातीची आहे. मग तो काही न तपासता दोन मिनिटं वीज ढकलतो, व्होल्ट वर येतात, आणि मग खरी जात सांगितली की गुमान पुढे भरतो. ही फुगलेली बाजूला ठेवली तरी बाकी दोन उठतील. सून येईपर्यंत हिरवे दिवे. कुणाला काही कळायचं नाही.

त्यांनी पहिली बॅटरी पुन्हा लावली. जात बदलली. अंगठा बटणावर ठेवला.

"तो चार वेळा नको म्हणालाय ना?" सासूबाई रीळ शोधता शोधता टेबलाखालून म्हणाल्या. "मग का त्याच्या मागे लागलाय?"

सासऱ्यांना एकदम एक तार आठवली. एक्स्चेंजमध्ये फ्यूज उडाला म्हणून एका कारकुनाने त्या जागी जाड तार घातली होती. सासऱ्यांनी ती काढून सगळ्यांच्या देखत खिळ्याला टांगली आणि वर्षभर काढू दिली नाही. "फ्यूज उडतो तो तुझं काम अडवायला नाही, तुझा जीव वाचवायला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आणि आज त्यांच्याच अंगठ्याखाली तीच तार होती.

त्यांनी अंगठा उचलला आणि चार्जर बंद केला.

तिन्ही बॅटऱ्या ते गच्चीवर घेऊन गेले. बांधकामातून उरलेली कोरडी वाळू दोन घमेल्यांत आणि एका जुन्या पत्र्याच्या डब्यात भरली आणि प्रत्येकीला वेगळी जागा दिली. कपड्यांच्या दोरीपासूनही लांब.

सून आली ती चिमणीबद्दल बोलतच आली. "बाबा, काय उंच आहे! आणि मागच्या बाजूला—"

"बाळ, मी एक गोष्ट केलीय."

ती थांबली. "कॅमेरा?"

"नाही."

"पंखा मोडला?"

"तो मोडला असता तर चिकटवला असता."

गच्चीवर सासऱ्यांनी बल्बचं सांगितलं आणि ती तिन्ही भांड्यांसमोर उकिडवी बसली. रागावली असती तर सासऱ्यांना बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "बल्ब विझेपर्यंत ठेवलंत?" सासऱ्यांनी आकड्यांचा कागद पुढे केला. तिने तो खरोखरच वाचला.

"जुन्या बॅटऱ्यांचा नियम हिला चालत नाही, बाबा. हिच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो. हिला अशी तळाला नेली की ते तांबं विरघळायला लागतं. मग पुन्हा भरायला गेलं की ते भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. केसासारखं."

"आणि एका बाजूचा केस दुसऱ्या बाजूला लागला की आतल्या आत शॉर्ट."

"हो. कधी लगेच, कधी चार दिवसांनी, पेटीत नुसती पडलेली असताना. आग लागली तर विझवता विझत नाही."

"पण व्होल्ट तर आपोआप वर येत होते!"

"बल्बचं ओझं उतरवलं की थोडे येतातच. बरी झाली असा त्याचा अर्थ नाही." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती गर्रकन वळली. "तुम्ही चार्जरला फसवलं नाहीत ना?"

"बटणावर अंगठा ठेवला होता."

"आणि?"

"काढला."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. "मला विचारायचं होतंत हो, बाबा," एवढंच म्हणाली. वर्षभर टांगलेली तार त्या कारकुनाला लागली नसेल तेवढं ते सासऱ्यांना लागलं.

चौथी बॅटरी तिने खाली येऊन तपासली. एकूण साडेअकराच्या आत-बाहेर, आतले तिन्ही कप्पे सारखे, कंबर जशीच्या तशी. "ही वाचली."

"बल्ब मेला म्हणून."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

या जातीची बॅटरी उद्यापर्यंत कुठे मिळणार नव्हती. सुनेने चार फोन करून पाहिले. एक बॅटरी म्हणजे वीस मिनिटं, पण तीस टक्क्यांच्या खाली जायचं नाही, म्हणजे चौदाच. चार बाजूंना चारदा वर-खाली करायचं तर एवढ्यात दोनही बाजू होणार नाहीत. तिने कागदावर चिमणी काढली, खोडली, पुन्हा काढली. फुटाण्यासारखं वाजत पेन्सिलीचं टोक मोडलं.

सासरे लांबून बघत होते. आज आपण काही सुचवायचा हक्क गमावलाय हे त्यांना कळत होतं. तरी राहवेना. "एक विचारू?"

"विचारा ना."

"आमचा लाइनमन खांबावर चढला की एका उंचीवरचं चहूबाजूचं काम उरकायचा, मग एक पायरी खाली. एकेक बाजू करत चारदा चढताना कुणाला पाहिला नाही मी. आणि सुरुवात वरूनच. दमायला होतं तोवर पाय जमिनीजवळ."

सुनेने मोडक्या पेन्सिलीने चिमणीभोवती वरून खाली गोल गोल रेघ ओढली आणि मिनिटं मोजली. बारा. तिने पुन्हा मोजली. मग ती पहिल्यांदा सासऱ्यांकडे नीट बघून म्हणाली, "उद्या चला माझ्याबरोबर. टक्के वाचायला."

सकाळी वारा पडलेला होता. ड्रोन सरळ चिमणीच्या तोंडापाशी गेला आणि तिथून गिरक्या घेत उतरायला लागला. सून पडद्यावर विटा बघत होती. सासरे शेजारी उभे राहून पूर्वी ट्रंक कॉल जोडणारे ओरडत तसे आकडे ओरडत होते. "ब्याऐंशी! चौऱ्याहत्तर!" मागच्या बाजूला, लोखंडी कड्याच्या खाली, एक भेग कड्याला वळसा घालून गेली होती. जमिनीवरून ती जन्मात दिसली नसती. सुनेने तिथे दोन गिरक्या जास्त घेतल्या. "छप्पन्न! एक्कावन्न!"

शेवटची गिरकी संपली तेव्हा एकोणचाळीस उरले होते. मालकाने पडद्यात डोकं घातलं. "अजून बरीच आहे की! आलाच आहात तर वरून कारखान्याचा एक झकास फोटो काढा. पार लांबून."

सुनेचा अंगठा घोटाळला. पहिलं गिऱ्हाईक होतं.

"नाही, साहेब," सासरे म्हणाले. "उतरव गं."

"हे कोण?"

"आमचे बॅटरीवाले," सून म्हणाली आणि तिने ड्रोन उतरवला. चौतीस.

मालक क्षणभर खट्टू झाला, पण भेगेचा फोटो मोठा करून बघितल्यावर फोटोबिटो विसरला. "बापरे," एवढंच म्हणाला, आणि मग, "गोदाम कधी बघताय?"

सासऱ्यांनी बॅटरी काढून तिला हाताची मागची बाजू लावली, लेकराचा ताप बघतात तशी. कोमट होती. खाचेत ठेवली, ती अलगद बसली. परत जाताना जुन्या बॅटऱ्या जमा करणाऱ्या केंद्रावर थांबायचं होतं. वाळूची तिन्ही भांडी गाडीत मागे होती.

"एक सांग," गाडीत बसता बसता ते म्हणाले, "ते तांबं विरघळतं, ते नेमकं किती व्होल्टांपासून सुरू होतं?"

"बाबा, घरी बल्ब आणून ठेवलेला नाही ना?"

"नाही गं. नुसतं विचारतोय."

"विचारा," सून म्हणाली, आणि सांगायला लागली.