अकरा नंबरच्या आजोबांचे पान

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोन लोखंडी कड्यांची, कोपरे झिजलेली. फाईलला कसले आले आहे चरित्र, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या मागच्या कप्प्यात चार घड्या घातलेले एक पान आहे. ते आजवर दोघींनीच वाचले. तिसऱ्या कुणीतरी ते वाचावे, म्हणून इतकी वर्षे माझा जीव टांगणीला लागला आहे.

मी दुकानातून आले ती एका शिकाऊ परिचारिकेच्या हातात. तिचे वडील रंगारी होते. त्यांनी बारीक ब्रशने माझ्यावर पांढऱ्या रंगात तिचे नाव लिहिले आणि म्हणाले, "पोरी, आत काय लिहायचं ते तुझं तू बघ. बाहेरचं मी केलंय झकास."

आत काय लिहायचे ते ठरलेले होते. दर आठवड्याला वॉर्डातला एक अनुभव, आणि त्याखाली तीन मथळे: काय घडले, मला काय वाटले, पुढे मी काय करेन. अशा पानांच्या गठ्ठ्याला पोर्टफोलिओ म्हणतात; तो शिकवणाऱ्या मॅडम तपासतात. आपल्या चुका आपल्यालाच दिसाव्यात म्हणून तो लिहायचा. आरसाच म्हणा ना. पण आरशासमोर गेले की माणसे आधी केस नीट करतात, हे मला पुढे कळले.

तिची पहिली पाने मात्र खरी होती. इंजेक्शन देताना सुई दोनदा टोचावी लागली, हे तिने लिहिले. जेवण उरलेले असताना एका बाईंचे ताट उचलून नेले, हेही लिहिले. ती कामाला फार सावकाश होती. रुग्णाचे श्वास मोजायचे तर घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहत उभे राहावे लागते. ती उभी राही. चोवीस खाटा, चोवीस मिनिटे. मैत्रिणींनी तिचे नाव ठेवले गोगलगाय.

"अगं, चारचा तक्ता मला पाचला देणार का तू?" वॉर्डच्या मुख्य सिस्टर सगळ्यांदेखत ओरडल्या. त्या दिवशी ती वसतिगृहात येऊन खूप रडली. तिच्या खोलीतली वरच्या वर्गातली ताई तिच्याजवळ बसली.

"वेडे, श्वास कोण मोजतं? ताप बघ, नाडी बघ, श्वास वीस लिहून मोकळी हो. वीस म्हणजे ठीकठाक. सगळे वीसच लिहितात."

तेव्हापासून गोगलगाय पळू लागली. सिस्टर तिला शाबासकी देऊ लागल्या.

मग अकरा नंबरच्या खाटेवर ते आजोबा आले. छातीत कफ साठला होता. ते शिंपी होते आणि जन्मभराची खोड काही जात नव्हती. एका दुपारी ती तक्ता घेऊन खाटेपाशी गेली, तर ते आधी तिच्या ॲप्रनकडेच पाहू लागले.

"पोरी, बटण लोंबतंय तुझं. सुईदोरा आण."

"आजोबा, पडून राहा हो. मी शिवीन नंतर."

"तू शिवशील आणि ते उद्या परत पडेल. आण म्हणतो ना."

तिने सुईदोरा आणला. आजोबांनी चार टाके घातले आणि त्या चार टाक्यांत ते तीनदा थांबले, खांदे वर उचलून हवा ओढत. ती समोरच उभी होती. मग तिने तक्त्यावर ताप लिहिला, नाडी लिहिली, आणि श्वास वीस.

तासाभराने डॉक्टर आले. आजोबा तेव्हा उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी आजोबांना अतिदक्षता विभागात हलवले. तिसऱ्या दिवशी ते गेले. मोजले असते तर वाचले असते का, ते मला माहीत नाही. कदाचित नसतेही. पण ते तिलाही कधी कळणार नाही, आणि हेच तिला आतून पोखरत राहिले.

त्या आठवड्याचे पान तिने एका दमात लिहिले. ताईने ते वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "हे मॅडमना देणार? वर्ष जाईल तुझं. आणि इतरांच्या तक्त्यांची चौकशी लागली तर आम्हीही बुडू. फाड ते."

तिने ते फाडले नाही. घड्या घालून माझ्या मागच्या कप्प्यात सरकवले आणि दुसरे लिहिले. त्यात आजोबा होते, बटण होते, तिने त्यांचा हात हातात धरला होता, आणि रुग्णाशी संवाद साधणे किती महत्त्वाचे ते तिला समजले होते. श्वासांचा त्यात उल्लेखच नव्हता. मॅडमनी समासात लिहिले, "उत्कृष्ट! मनाला भिडले."

मित्रांनो, त्या शाबासकीनेच माझा घात झाला. मला नमुना म्हणून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवले. दरवर्षी नवी मुले मला बाहेर काढत आणि ते पान उतरवून घेत. कुणी आजोबांची आजी केली, कुणी अकराचा सात केला. एकदाच गेलेला माणूस माझ्यामुळे किती वेळा मेला, त्याची गणती नाही. मागच्या कप्प्यात मात्र कुणी हात घातला नाही. माझ्यावरचे नाव पोपडे होऊन गळून गेले.

गोगलगाय पुढे त्याच खोलीत मॅडम म्हणून आली. मला वाटले, आता तरी ती ते पान काढील. ती माझ्याकडे पाहतही नसे.

गेल्या आठवड्यात एका मुलीची वही तपासताना ती अचानक थांबली. तिने त्या मुलीला बोलावून घेतले.

"त्या आजोबांनी तुझं बटण शिवलं?"

"हो, मॅडम."

"तुमच्या गणवेशाला तर चेन आहे."

मुलीने मान खाली घातली. "चुकलं, मॅडम. सगळेच त्या निळ्या फाईलमधून घेतात."

"बरं. वॉर्डात श्वास मोजतेस का?"

मुलगी गणवेशाची चेन वरखाली करू लागली.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"वीस लिहिते, मॅडम. वेळच नसतो हो."

मॅडम उठली. तिने मला कपाटातून काढले. तिची बोटे मागच्या कप्प्यात शिरली आणि त्या पानाला लागली. मी मनात म्हणत होते, काढ गं बाई, आता तरी काढ. इतक्यात दार उघडून दुसरे शिक्षक चहाचा कप घेऊन आत आले. तिने हात मागे घेतला.

"पुढच्या वेळी स्वतःचं लिही," ती मुलीला म्हणाली, आणि तिने सही केली. मुलगी सुटल्यासारखी पळाली. चारचा तक्ता भरायचा होता.

आता कपाट रिकामे करायचे ठरले आहे आणि मी रद्दीच्या ढिगावर आहे. तिच्या हातून झाले नाही, म्हणून मीच ते पान तुम्हाला वाचून दाखवते. काय घडले: "अकरा नंबरच्या आजोबांना धाप लागलेली मला दिसली. तरी मी श्वास मोजले नाहीत. वीस लिहिले." मला काय वाटले: "बटण घट्ट बसलंय. ते तोडून टाकावंसं वाटतं."

मित्रांनो, फाईलला जपायचे म्हणजे नुसते कव्हर घालायचे नसते. तिच्यात खोटे भरू नका, एवढेच माझे मागणे आहे. त्या पानावर तिसरा मथळाही आहे, पुढे मी काय करेन. त्याच्याखाली तिने काहीच लिहिलेले नाही.