उघडी खाण

सोलापुरात ज्वारीचा घाऊक व्यापार करणारे चन्नवीर बिराजदार मूळचे मंद्रूपचे. पन्नाशीला आल्यावर त्यांना ज्वारीचा कंटाळा आला. त्याच सुमारास, म्हणजे एकतीस साली, कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की नातेपुत्याच्या पलीकडच्या डोंगरात बादशाही काळातली चांदीची खाण आहे आणि तिचं तोंड दगडांनी बुजलंय. चन्नवीरांनी फारशी चौकशी केली नाही. सरकारकडून डोंगर भाड्यानं घेतला, कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम केलेल्या मुकुंद सबनिसांना नोकरीवर ठेवलं, आणि खाण उघडण्याच्या समारंभाला प्रांतसाहेबांना बोलावून मोकळे झाले.

"आधी चांदी आहे का ते बघूया?" सबनीस म्हणाले.

"चांदी कुठं पळून जाते? साहेबांची मात्र बदली होईल."

गड्यांनी तोंडावरचे दगड हलवले तर मागे चांगली घडीव भिंत निघाली. किती जाड आहे ते बघायला सबनिसांनी हातोडीनं ठोकलं. आतूनही कुणीतरी तसंच ठोकलं.

गड्यांनी हत्यारं खाली टाकली. सबनिसांनी भिंतीला कान लावला. "कोण आहे?"

"तुमी कोन?" आत बाईचा आवाज.

"आम्ही... आम्ही खाण उघडतोय."

"मग भिंत कशाला फोडताय? पलीकडनं या की. तितं दार हाय."

डोंगराला वळसा घालून सगळे पलीकडे गेले. तिथं एक मळा होता, मळ्यात पायऱ्यांची विहीर, आणि विहिरीच्या निम्म्या पायऱ्या उतरल्यावर लाकडी दार. दारात चंद्रव्वा नावाची म्हातारी पदराला हात पुसत उभी होती. तिच्या मागे डोंगराच्या पोटात खाण सरळ गेलेली, आणि खाणीत दोन्ही अंगांना दह्याची गाडगी, ताकाचे डेरे, लोणच्याच्या बरण्या. बाहेर वैशाख पेटलेला, आत अंगावर काटा येईल असा गारवा.

"माज्या सासऱ्याच्या आज्यापासनं आमी हितंच दही ठिवतो," ती म्हणाली.

चन्नवीर पायरीवरच बसले. "बाई, ही खाण बंद आहे."

"बंद कुटली? मी रोज येती."

"सरकारी कागदात बंद आहे."

"कागद कवा आलावता हितं?"

चन्नवीरांनी हात जोडले. "साहेब यायचेत, बँड ठरलाय. एक दिवस ही बंद असू द्या. म्हणजे आम्हाला उघडता येईल."

"उगडी हाय ती झाकायची, तुमी उगडावी म्हनून?"

"व्हय."

चंद्रव्वानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिनं विचारलं, "गाव कुटलं तुमचं?"

"मंद्रूप."

"अगं बया! माजं म्हायेर की ते! मग आदी न्हाई का सांगायचं? म्हायेरचा मानूस एवडा उन्हातनं आलाय. झाकती बाबा."

समारंभाच्या दिवशी बँड वाजला, प्रांतसाहेबांनी पहार मारली, गड्यांनी उरलेली भिंत पाडली. आतून गार वारं आणि हिंगाचा घमघमाट बाहेर आला.

"हा कसला वास?" साहेबांनी विचारलं.

जन्मात खोटं न बोललेले सबनीस म्हणाले, "खाणीचा."

कंदील घेऊन साहेब आत शिरले. चंद्रव्वानं गाडगी हलवली होती, पण मोठ्या बरण्या तिच्यानं उचलल्या नव्हत्या. बरण्या एकट्या कशा सोडायच्या, म्हणून ती शेजारीच बसून होती.

"या कोण?"

"या... आधीपासून आहेत," चन्नवीर म्हणाले.

"ऐतिहासिक?"

"व्हय," चंद्रव्वा म्हणाली आणि तिनं साहेबांच्या तळहातावर लोणच्याची फोड ठेवली. साहेबांनी ती खाल्ली, डोळे पुसले आणि बाहेर येऊन भाषणात सांगितलं की खाणीत दम आहे.

त्यानंतर सबनिसांनी पुष्कळ खणलं. काळा दगड निघाला, त्याच्यामागं आणखी काळा दगड. चन्नवीरांची झोप उडाली. सोलापुरात कुठल्या तोंडानं जायचं? लोक काय म्हणतील?

अशातच एका सकाळी चंद्रव्वा तरातरा त्यांच्या राहुटीत आली. "तुजी खान बंद कर! ह्या अंगानं झळ शिरती आन् त्या अंगानं भाईर पडती. दही आंबून गेलं, लोनच्याला बुरशी आली."

चन्नवीर ताडकन उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे जमण्याजोगं काहीतरी मागितलं होतं.

"करतो, अक्का. आजच लागतो कामाला."

गड्यांबरोबर त्यांनी स्वतः दगड उचलले. सबनिसांनी ओळंबा धरला. पहिल्यापेक्षा जाड भिंत उभी राहिली. हात सोलले, कंबर धरली, पण त्या रात्री चन्नवीर पडल्या पडल्या घोरायला लागले.

सोलापुरात अडत्यांनी त्यांना गाठलं. "काय शेठ, चांदी?"

"खाण बंद केली," चन्नवीर म्हणाले. ते इतक्या समाधानानं म्हणाले की सगळी चांदी काढून झाली, असंच लोकांनी धरलं. दोन सोयरे तर त्यांच्या मुलासाठी स्थळं घेऊन आले.

पुढच्या वैशाखात ते बायकोला, गौरम्माला, घेऊन मळ्यावर गेले. विहिरीच्या दारातून तिघं आत शिरली. चंद्रव्वानं भाकरीवर दही वाढलं. गौरम्मानं भिंतीवरून हात फिरवत विचारलं, "अहो, पण यात चांदी कुठं होती?" चन्नवीरांना उत्तर द्यायचं होतं, पण गारव्यानं त्यांचा डोळा लागला होता. गौरम्मानं त्यांच्या हातातली भाकरी अलगद काढून घेतली आणि चंद्रव्वाला मंद्रूपच्या बाजाराची खबर सांगायला सुरुवात केली.