मार्थाबाईंची माळ

नंदकिशोरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं ते संघाच्या मागच्या सहलीतलं मिसळीचं ताट. सगळे हसले.

"हे अमेरिकेचं नाही," असं म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी पडदाभर निळं आभाळ आलं आणि त्याखाली मातीच्या रंगाची बसकी घरं, कोपरे गोल झालेली, कुणी हाताने लिंपून ठेवल्यासारखी.

नेरूळच्या उद्यानातल्या विरंगुळा केंद्रात ज्येष्ठ नागरिक संघाचा मासिक कार्यक्रम चालला होता. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'वाळवंटातील कलानगरी सांता फे. वक्ते : आपले नंदकिशोर.' वक्त्यांना बोलण्याची भारी हौस. उभी नोकरी विम्याच्या फायलींपुढे गप्प बसून काढली, त्याचं उट्टं ते निवृत्तीनंतर काढत होते. हातात माइक आला की त्यांचा आवाजसुद्धा दोन बोटं उंच व्हायचा.

वैशालीताई दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे कडेची खुर्ची त्यांचीच, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी निघताना त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "ते मिरच्यांचं काही काढायचं नाही हं."

"मला काय कळत नाही?" नंदकिशोर म्हणाले होते.

पडद्यावर चित्रांची दालनं येत होती, रस्त्याच्या कडेचे पितळी घोडे, दगडी बायका, कुणाच्या तरी अंगणात उभी केलेली लोखंडी सांबरं.

"तिथे माणसं कमी आणि पुतळे जास्त," नंदकिशोर म्हणाले. "आमचा आशुतोष म्हणतो, बाबा, इथे दर तिसरा माणूस आर्टिस्ट. मी म्हटलं, मग उरलेले दोन काय करतात? म्हणाला, त्यांची चित्रं विकतात."

लोक हसले. वैशालीताईही हसल्या. त्यात खोटं काही नव्हतं. गाव देखणं होतंच. पण नाकातून रक्त यायचं, ते नवऱ्याने सांगितलं नाही. उंचावरची कोरडी हवा. ओठ फुटायचे, चार पावलं टाकली की धाप लागायची. आशुतोष आणि सून अस्मिता कामाला गेले की घरात घड्याळाखेरीज कुणी बोलायचं नाही. नेरूळला भाजीवाल्याच्या भोंग्याने त्यांचं डोकं उठायचं, आणि तिथे त्या दुपारी खिडकीशी उभ्या राहून टपालाच्या गाडीची वाट बघायच्या. टपाल आपलं नसणार हे माहीत असून.

एक मार्थाबाई मात्र होत्या. घरमालकीण. अर्ध्या घरात त्या राहायच्या, अर्धं आशुतोषला भाड्याने दिलेलं. मातीची भांडी घडवायच्या, नवरा मागच्या वर्षी गेलेला. वैशालीताईंचं इंग्रजी जेमतेम आणि मार्थाबाईंना मराठी कुठून येणार, पण संध्याकाळी दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या. समोरचे डोंगर डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल व्हायचे. एकदा मार्थाबाईंनी मातीचा गोळा हातात दिला, तर वैशालीताईंनी त्याची पणती केली. मार्थाबाईंनी ती आपल्या भट्टीत भाजून खिडकीत ठेवली. सूनबाईंच्या हौसेच्या सगळ्या सहलींपेक्षा वैशालीताईंना तो बाक आवडला होता.

"आणि आता हा खास फोटो," नंदकिशोर म्हणाले.

वैशालीताईंनी वर पाहिलं. मार्थाबाईंचं दार. भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी तुळईला टांगलेली वाळक्या लाल मिरच्यांची जाडजूड माळ. खाली साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज घालून त्या स्वतः उभ्या, उन्हाने डोळे बारीक केलेल्या. वैशालीताईंनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला.

"तिथे घरोघरी अशी माळ लावतात. शोभेला. आता आमच्या सौभाग्यवती साताऱ्याच्या. मिरची दिसली आणि गप्प बसतील?" नंदकिशोर थांबले. नेमकं कुठे थांबायचं हे त्यांना चांगलं कळायचं. "एक दिवस मी दुपारी झोपलोय. उठून बघतो तर घरात धूरच धूर. छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलतोय. मालकीणबाई खोकत खोकत आत आल्या. आणि आमच्या हिने अर्धी माळ उतरवून तव्यावर भाजायला घेतलेली!"

हॉल खदखदून हसला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या विजयमालाबाईंनी वैशालीताईंच्या मांडीवर चापट मारली.

"काय हो वैशालीताई, परदेशात चोरी?"

वैशालीताई हसल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरी हसल्या.

त्या दुपारी नंदकिशोर झोपले नव्हते. बरोबर नेलेला मसाला संपला होता आणि आठवडाभर ते रोज ताटावर बसून विचारत होते, "हे पिठलं आहे की खळ?" शेवटी तेच म्हणाले, "अगं, बाहेर एवढी मिरची टांगलीय." वैशालीताई म्हणाल्या, मार्थाबाईंना विचारून घेऊ. त्यावर ते म्हणाले, "दाराला टांगलेल्या मिरच्यांना काय विचारायचं? आपल्याकडे शनिवारी रस्त्यावर टाकून देतात." बाकावर चढून त्यांनीच माळ ओरबाडली. वैशालीताईंनी खाली पदर धरला. खोटं कशाला, त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

ती माळ मार्थाबाईंच्या नवऱ्याने ओवलेली होती, जाण्याआधीच्या शरद ऋतूत, आजारपणात, बसल्या बसल्या. हे नंतर आशुतोषने सांगितलं. कामावरून धावत आलेला आशुतोष स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "आई, कोणी काढल्या?" मार्थाबाई त्याच्या मागे होत्या. हातात उरलेली माळ. वैशालीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरचं चित्र पाहत होता.

"मी," वैशालीताई म्हणाल्या.

आणि तेव्हा नंदकिशोर म्हणाले होते, "मी हिला सांगत होतो."

मार्थाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्या दिवसानंतर बाकावर आल्या नाहीत. खिडकीतली पणतीही दिसेनाशी झाली.

"मग मालकीणबाई काय म्हणाल्या?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"काय म्हणणार? हसल्या. म्हणाल्या, नो प्रॉब्लेम."

वैशालीताईंनी मंचाकडे पाहिलं. आपल्या नावावर चोरी लागली ते एकवेळ ठीक. पण त्या बाईला आपल्या दुःखावर हसायला लावलं होतं, आणि तेही भरल्या सभेत. आणि आपण इथे दात काढून बसलो आहोत. त्यांना नवऱ्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"वैशालीताईंना बोलवा," अध्यक्ष म्हणाले. "आरोपीची बाजू ऐकायलाच हवी."

पुन्हा हशा. नको नको म्हणताना रांगेतल्या दोघींनी त्यांना दंडांना धरून उठवलं. मंचाला दोनच पायऱ्या, पण दोघींनी धरूनही त्या चढायला त्यांना वेळ लागला. एक पाय वर, मग थांबायचं, मग दुसरा. नंदकिशोरांनी माइक पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, फक्त डोळे बायकोच्या डोळ्यांकडे येत नव्हते.

वैशालीताई माइक धरून उभ्या राहिल्या. मागे पडद्यावर त्याच उभ्या होत्या, दुप्पट मोठ्या.

"काय सांगू? यांनी सांगितलंच सगळं," त्या म्हणाल्या.

"एक विचारू का?" विजयमालाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचं उभं आयुष्य शाळेत मुलांच्या सबबी ऐकण्यात गेलं होतं आणि ती सवय अजून सुटली नव्हती. पण आवाजात चेष्टेशिवाय काही नव्हतं. "फोटोत तर माळ तुमच्या डोक्याच्या केवढी वर आहे. तुमचा हात पोचला कसा?"

लोक पडद्याकडे पाहू लागले. माळेचं खालचं टोक आणि वैशालीताईंचं डोकं यांच्यामध्ये चांगली दोन हात भिंत दिसत होती.

वैशालीताईंनी शेजारी पाहिलं. नंदकिशोर पडद्याकडे पाहत होते, त्या दिवशी भिंतीवरचं चित्र पाहत होते तसे. मानेवरची शीर उडत होती. या माणसाबरोबर त्यांचा सारा जन्म गेला होता. तो किती घाबरला आहे हे त्यांना पाठमोरं पाहूनही कळलं असतं.

"बाकावर चढले," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

योगासनांच्या वर्गात वैशालीताई खुर्चीवर बसून हात तेवढे हलवायच्या. कार्ल्याच्या लेण्यांच्या सहलीत पायऱ्यांपाशी सगळ्यांच्या पिशव्या राखत बसल्या होत्या. आणि आत्ता, दोन पायऱ्यांना दोघींनी धरावं लागलं होतं, ते सगळ्या हॉलने पाहिलं होतं.

विजयमालाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. अध्यक्ष खाली चपलांकडे पाहू लागले.

"चहा गार होतोय हो," मागून एक बाई हळूच म्हणाल्या.

नंदकिशोरांनी घाईने बटण दाबलं. कुठलं दाबलं कोण जाणे, पडद्यावर मिसळीचं ताट आलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मंचावरून उतरताना त्यांनी हात पुढे केला. वैशालीताईंनी तो धरला. हात घामाने ओला होता.

घरी जाताना दोघं उद्यानाच्या भिंतीकडेने चालले. पालिकेने भिंतीवर गुलाबी फ्लेमिंगो रंगवले होते. एरवी नंदकिशोर तिथे थांबून रंगकामातली एखादी चूक काढायचे. आज थांबले नाहीत. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "बाकाचं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायला हवं होतं?"

ते पुढे चालू लागले. वैशालीताईंना वाटलं, बाकाचं बोलले नसते तर बरं झालं असतं. त्यांना नवऱ्याला वाचवायचं होतं, आणि त्यांच्याच तोंडून तो उघडा पडला होता. उद्या सकाळी हाच माणूस त्याच लोकांबरोबर चालायला जाणार होता.

रात्री त्यांनी पिठलं केलं. ताट वाढल्यावर लक्षात आलं, मसाला घालायचा राहिला. मसाल्याची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असायची. तिथे त्यांचा हात पुरत नसे. ती काढून द्यायचं काम नंदकिशोरांचं.

नंदकिशोरांनी पहिला घास घेतला. मग उठले आणि फडताळापाशी गेले. त्यांनी हात वर केला. बरणीला बोटं लागली. तसेच ते थोडा वेळ उभे राहिले, पाठमोरे. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पाटावर येऊन बसले.

पिठलं अगदीच फिकट होतं. ते खाली मान घालून एकेक घास खात राहिले.

"काही कमी आहे का?" वैशालीताईंनी विचारलं.

"नाही," नंदकिशोर म्हणाले. मग भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "मार्थाबाईंकडे आत्ता किती वाजले असतील?"