काचेच्या होडीचं ठिगळ

आनंदराव मुंबईच्या गोदीत फायबरच्या होड्या दुरुस्त करायला शिकला आणि शिवऱ्याला परत आला. आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की शिवऱ्याला समुद्र नाही. तरी त्याने हमरस्त्याला पाटी लावली. लोक पाटी वाचत, होडी कुठाय म्हणून विचारत आणि सायकलचं पंक्चर काढून घेऊन जात. त्यामुळे पानशेतच्या पाण्यावर मासे धरणारा दादू होडीचं काम घेऊन आला, तेव्हा आनंदरावाने त्याला चहाबरोबर भजीही चारली. हे काम साधलं तर धरणाकाठच्या होड्या आपल्याकडे येतील. फसलं तर जन्मभर पंक्चर.

दुसऱ्याच दिवशी आनंदराव दादूच्या गावी गेला. होडी सरकारी लिलावातली. साहेब लोक तीत बसून धरण बघायचे. साहेब जड होते की खडक टोकदार होता कोण जाणे, पण तळाला हातभर चीर होती. फायबरची होडी म्हणजे काचेच्या कापडाची असं कळल्यावर सगळा गाव बघायला लोटला.

"काचंची? बांगडीवानी पिचायची की रं!" म्हातारा कोंडिबा म्हणाला. "दादू, गणपती बुडवायला घेतलीस व्हय?"

"लाकडाची वाळवीनं खाल्ली, आबा. हिला वाळवी तोंड न्हाई लावायची."

सगळे हसले. दादूची आई अक्काबाई हसली नाही. तिचा नवरा याच पाण्यात गेला होता.

"आनंदा, येवढं एकच पोर हाय," ती म्हणाली. "नीट कर बाबा."

आनंदरावाने दिवसभर चिरेभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासला. पृष्ठभाग खरखरीत आणि कोरडा असल्याशिवाय ठिगळ धरत नाही. रात्रभर होडी आंब्याखाली तशीच उघडी ठेवली. सकाळी बघतो तर चिरेच्या कडा पिवळसर. जुनं फायबर पिवळं पडतंच. गोदीत त्याने ढिगाने पाहिलं होतं. त्याने रेझिनचा चिकट मसाला कालवला, काचेच्या कापडाचे थर चढवले. उन्हात ठिगळ असं कडक झालं, की कोंडिबाने त्यावर धोंडा हाणला तर धोंड्याचाच टवका उडाला.

"वाजतीया तर खणखणीत," कोंडिबा नाइलाजाने म्हणाला. बघ्यांपैकी दोघांनी आपापल्या होड्या दुरुस्तीला द्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं. आनंदराव एस.टी.त बसला तो पाटी नव्याने रंगवायचा बेत करतच.

आठवडाभर होडी झकास चालली. मग ऐन धरणाच्या मधोमध ठिगळ सुटलं. दादूला पोहता येत होतं. त्याच्या पायात अडकलेल्या जाळ्याला येत नव्हतं.

आनंदराव आला तेव्हा दादूच्या मातीहून माणसं परतली होती. कुणी त्याच्या अंगावर धावून आलं नाही; आलं असतं तर बरं झालं असतं. होडी काठावर पालथी होती आणि ठिगळ एका कोपऱ्याला लोंबत होतं. त्याने ठिगळाच्या आतून बोट फिरवलं. गुळगुळीत. बोट नाकाशी नेलं. खुरासणीचं तेल.

"म्या काय कमी केलं रं?" अक्काबाई दारातून बोलत होती, कुणाशी ते कळत नव्हतं. "ह्यानं घासून घासून तिचं कातडं सोललं. बघवंना. सांजंला तेलात हळद कालवली आन् लावली. म्हनलं, जखम लवकर धरंल. गावातल्या निम्म्या पोरांच्या जखमा ह्या हातानं भरल्यात."

कोंडिबाने मान वर केली. "मिस्त्री, तेलानं काय व्हतंय का?"

सगळे आनंदरावाकडे बघू लागले. अक्काबाईसुद्धा.

"तेलानं कशाला व्हईल?" आनंदराव म्हणाला. "मसाला माझाच कच्चा ऱ्हायला."

"तरी म्या म्हनत हुतो," कोंडिबा म्हणाला आणि बाजूला थुंकला. होड्या देणारे दोघे उठून गेले.

अक्काबाई त्याच्याजवळ आली. "तुज्या हातात किडं पडतील," ती म्हणाली. "माज्या पोराला खाल्लंस."

आनंदरावाने मान खाली घातली. जाताना त्याने ते ठिगळ उपटलं आणि दूर पाण्यात भिरकावलं, म्हणजे कुणी त्याचा वास घेणार नाही.

पाटी त्याने त्याच दिवशी उतरवली. पंक्चरं मात्र येत राहिली. ट्यूब घासून झाली, की ठिगळ लावण्याआधी आनंदराव ती नाकाशी धरून हुंगायचा. गिऱ्हाईकं हसायची.