देव्हाऱ्यातल्या तारखा

मी कॅन्सरच्या दवाखान्यातलं फॉलोअपचं कार्ड बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय! दीड वर्ष उदबत्तीचा धूर खाऊन घसा बसलाय, तरी ओरडतोय.

जन्म छापखान्यातला. पिवळा पुठ्ठा, मधोमध घडी. पण मला नाव मिळालं ते खरवईच्या जनीबाईंचं. त्यांच्या मांडीत गाठ झाली होती, हाडाची नव्हे, मांसातली. डॉक्टरांनी ती काढली, वर किरणांचे शेक दिले. घरी सोडताना माझ्यावर आठ तारखा लिहिल्या, दर तीन महिन्यांनी एक. जनीबाईंचा मुलगा धर्मेश, त्याला बजावलं, "ही गाठ परत येऊ शकते. त्याच जागी, नाहीतर फुफ्फुसात. आणि सुरुवातीला दुखेलच असं नाही. दुखायची वाट बघू नका, तारखेला या."

धर्मेशने मान डोलावली. माणसांना मान फार छान डोलावता येते.

घरी पोचल्यावर जनीबाईंचे यजमान भगवंत यांनी मला कपाळाला लावलं. "हिला ह्यानंच वाचवली," म्हणाले, आणि मला थेट देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकामागे उभं केलं. वर हळदकुंकू!

खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. कोणत्या कागदाला असा मान मिळतो? पण पहिली तारीख आली आणि गेली. दुसरीही गेली. रोज जुन्या कुंकवावर नवं कुंकू, त्याखाली तिसरी तारीख गडप झाली. दवाखान्यातून फोन आला, तर धर्मेश म्हणतो, "आई एकदम टकाटक आहे. उगाच कशाला दुखणं उकरायचं?" आणि फोन ठेवून मोकळा.

सून नूतन एकदा म्हणाली होती, "बाबा, त्याच्यावर तारखा आहेत."

"देवातली वस्तू हलवायची नाय," भगवंतांनी सांगितलं. ती स्वयंपाकाला लागली. अगं, निदान मोबाईलवर माझा फोटो तरी काढायचास! ताटातल्या भाजीचे काढतेस, तसा एक माझा.

या चैत्रात न्हाताना जनीबाईंच्या हाताला जुन्या व्रणाशेजारी काहीतरी लागलं, सुपारीएवढं. त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "तू हायस ना देवापाशी. मना काय होतंय?"

अहो, मी देव नाही, पुठ्ठा आहे! माझ्या भरवशावर ती बाई चार महिने गाठ घेऊन घरभर फिरली, भाकऱ्या थापल्या, कुणाला चकार शब्द बोलली नाही. या पापात मला कशाला ओढलंत?

शेवटी त्या काष्टा सैल नेसू लागल्या, ते नूतनने हेरलं. परवा सकाळी त्यांना खोलीत नेऊन मांडी बघितली आणि पारोशीच देव्हाऱ्याकडे धावली.

"अगं, अंगोळ तरी कर!" भगवंत कडाडले.

"अंघोळ मग, बाबा. आधी आई." तिने मला ओढलं. टाक कलंडला, तो तसाच राहिला. दीड वर्षात त्या घरात कुणीतरी पहिल्यांदा मला वाचलं.

आज दवाखान्यात डॉक्टरांनी नखाने कुंकू खरवडलं आणि एकेक तारीख मोजली. सहा चुकल्या होत्या. सुपारीचं आता लिंबू झालंय. "छातीचा स्कॅन झाल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. धर्मेशची मान या वेळी डोलली नाही, खाली गेली.

आता आम्ही स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर आहोत. मी नूतनच्या मांडीवर. आतून जनीबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि पुन्हा हात जोडले.

नका हो, जनीबाई! पाया पडते, म्हणतात ना तुमच्याकडे? मीच तुमच्या पाया पडतो. माझ्यावर अजून दोन तारखा शिल्लक आहेत. तुम्हाला वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. बाहेर आलात की नूतनकडून त्या वाचून घ्या आणि पाठ करा.